पुराव्यातले मांजर

आमचे मांजर चोर होते, हे आत्या सोडून घरात सगळ्यांना मान्य होते. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन आमच्याकडे आली ती कायमची. मांजर तिचे होते. तिच्या मते ते चोरी करत नव्हते, नुसते घेत होते.

"चोरायला आधी ते दुसऱ्याचं आहे असं वाटावं लागतं," ती म्हणायची. "मनीला अख्खी चाळ एकच घर वाटते. त्यात तिची काय चूक?"

मनी हे काही मुद्दाम ठेवलेले नाव नव्हते. गिरगावातल्या बहुतेक मांजरींना तेच नाव असे. ही अंगाने पांढरी होती, शेपूट काळे होते आणि डाव्या कानाचा टवका उडालेला होता. आत्या वैधव्य आल्यापासून मासे खात नव्हती. बाजारातून मासळी तीच आणी, तीच साफ करी, तीच शिजवी, आणि ताटे वाढून झाली की स्वतः आमटीभात घेऊन बसे. तिच्या वाटणीचे मासे मांजराला जात. याबद्दल घरात कधी कोणी बोलले नाही.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खोल्यांपुढून एक लांब गॅलरी जात होती आणि त्या गॅलरीत सकाळचे ऊन शेजारच्या दारात पडत होते, आमच्या दारात नाही. सगळ्या प्रकरणाचे मूळ या उन्हात होते. मांजर आमच्याकडे मासळी घेई आणि ती खायला शेजारच्या उंबऱ्यावर जाई.

शेजारी एक सरकारी कारकून आणि त्यांची पत्नी राहत. चाळ त्यांना काका आणि काकू म्हणे. त्यांच्याकडे कांदासुद्धा चातुर्मासात बंद असे. काकू पहाटे उठून उंबऱ्याबाहेर रांगोळी काढत, आणि आठाच्या सुमारास तिच्यावर बोंबलाचे डोके येऊन पडे. दुधाचेही तेच. सरकारी केंद्रावरून आणलेली दुधाची बाटली काकू दारात ठेवून चपला काढीपर्यंत मनी तिच्या चंदेरी टोपणाला पंजाने भोक पाडी. जीभ पोचे तेवढी साय खाऊन ती निघून जाई. उरलेले दूध काकू आमच्याकडे आणून देत आणि म्हणत, "घ्या. तुमच्या मुलीनं उष्टं केलंय."

काका फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत होते. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि बारीक, स्वच्छ अक्षर. निवृत्तीला थोडी वर्षे उरली होती आणि त्यांचे सगळे लक्ष पेन्शनवर होते. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. शहरात गोळीबार होऊन गेला होता, सभाबंदी अधूनमधून लागत होती, आणि सरकारी नोकराने चळवळीच्या आसपास दिसणे म्हणजे नोकरी धोक्यात घालणे होते. काका सभा दिसली की रस्ता बदलत. घोषणा ऐकू आली की खिडकी लावत. चाळीतले लोक डिवचत, तेव्हा ते शांतपणे सांगत, "माझी सहानुभूती कपाटात आहे. पेन्शन सुरू झाली की बाहेर काढीन."

मी त्या वेळी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. दिवसभर सत्याग्रह, ठराव आणि निषेध यांना मथळे देऊन घरी यायचे, तो चाळीतही तेच चाललेले असे.

प्रकरण हाताबाहेर गेले ते एका संकष्टीला. काकूंनी मोदक करून नैवेद्याचे ताट देवापुढे ठेवले होते आणि चंद्र दिसतो का ते पाहायला त्या गॅलरीच्या टोकाला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा मोदक जागच्या जागी होते. एकही कमी नव्हता. शेजारी एक मांदेली ठेवलेली होती.

काकूंनी देव धुवायला घेतले. काका बोलले. आमच्या दारात उभे राहून त्यांनी आत्याला सगळी हकीकत सांगितली. आत्याने ती पूर्ण ऐकून घेतली.

"म्हणजे तिनं काही खाल्लं नाही," ती म्हणाली.

"नाही, पण आत्याबाई..."

"उलट आपल्यातलं आणून ठेवलं. नैवेद्यच दाखवला म्हणायचा, भावजी."

दुसऱ्या दिवशी चाळीची सभा भरली. त्या काळात जिन्यावर दोन माणसे भेटली तरी ठराव होत असे, मग हा तर सार्वजनिक प्रश्न होता. गॅलरीत सतरंजी अंथरली गेली. टोकाच्या खोलीत एका छापखान्यात काम करणारा तरुण राहत असे. चळवळीत तो बुडालेला होता, आणि सभा म्हटली की अध्यक्षस्थान आपोआप त्याच्याकडे जाई.

मारण्याचा विषय निघण्याआधीच संपला. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, हे सगळ्यांना ठाऊक होते. मग सूचना आल्या. मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची भाषा तेव्हा दिल्लीत चालली होती.

"मांजरपण केंद्राच्या ताब्यात द्या," खालच्या मजल्यावरून आलेला कोणी म्हणाला. "म्हणजे कुणाचंच भांडण नको."

"केंद्र म्हणजे कोण? दुधाचं केंद्र?"

"तिला तेच पाहिजे!"

"अध्यक्षमहाराज, चाळीसह मांजर, ही आमची मागणी आहे," माझे वडील म्हणाले. ते एरवी सभेत बोलत नसत.

काका हसले नाहीत. आपण सभेत बोलत नसून शेजारधर्माने चार शब्द सांगत आहोत, असे त्यांनी आधी स्पष्ट केले. मग म्हणाले, "मला चेष्टा कळते. पण माझ्या बायकोनं आज पुन्हा देव धुतले. तिनं किती दिवस धुवायचे, ते ठरवा."

मांजर दूर नेऊन सोडावे असा ठराव झाला, आणि आत्याने त्याला दोन अटी घातल्या. एक, मासे मिळतील अशा ठिकाणी सोडायचे. दोन, ज्याची तक्रार त्यानेच स्वतःच्या हाताने न्यायचे.

"दुसऱ्याच्या हातून पाप करवू नका, भावजी. तुमचं तुम्ही न्या."

काकांनी मान्य केले. मांजराला पाण्यापलीकडे सोडले तर त्याला परतीची वाट सापडत नाही, असे म्हणतात. तेव्हा त्यांनी बेत आखला: रविवारी ट्रामने दादर, तिथून बसने माहीमची खाडी ओलांडून वांद्रे, आणि तिथल्या कोळीवाड्याजवळ थैलीचे तोंड उघडायचे. कचेरीचे काम असावे तसा त्यांनी हा बेत काकूंना दोनदा समजावून सांगितला. रविवारी दादरच्या बाजूला सत्याग्रह आहे, हे त्यांना माहीत नव्हते. चळवळीच्या बातम्या त्यांनी मुद्दामच वाचायच्या सोडल्या होत्या.

रविवारी सकाळी ते गव्हाची खाकी थैली घेऊन आले. आत्याने मनीला मांडीवर घेतले होते. तिच्यापुढे बशीत दही होते.

"दही कशाला?" काका म्हणाले. "दही परत येण्यासाठी देतात."

"घरातून जाणाऱ्याला मी दह्याशिवाय सोडत नाही. तुम्ही पण हात पुढे करा."

"मी कुठं..."

"करा म्हणते ना."

काकांनी हात पुढे केला, दही खाल्ले आणि हात टोपीला लागू न देता पुसला. मांजर थैलीत गेले. आत्या आत गेली आणि तिने स्टोव्हला जोरात पंप मारायला सुरुवात केली. स्टोव्हवर काही नव्हते.

पुढचे मी पाहिलेले नाही. ते काकांनी सांगितले आणि छापखान्यातल्या तरुणाने सांगितले. दोघांचे सांगणे जिथे जुळते तेवढेच इथे देतो.

भायखळ्याला ट्राम बदलेपर्यंत सगळे सुरळीत होते. थैली काकांच्या पायाशी होती आणि अधूनमधून ओरडत होती. शेजारच्या बाईने विचारले तेव्हा काकांनी "गहू" असे सांगितले. हे त्यांचे त्या दिवसातले एकमेव असत्य. हिंदमाताला ट्राम थांबली. कंडक्टर म्हणाला, पुढे सत्याग्रह आहे, उतरा. काका उतरले. परत फिरावे असे त्यांना वाटले, पण मागची ट्रामही उभी होती, आणि वांद्र्याची बस दादरवरूनच मिळणार होती. म्हणून ते फूटपाथच्या अगदी आतल्या बाजूने, कापडाच्या दुकानांच्या बंद फळ्यांना खांदा घासत, दादरकडे चालू लागले.

रस्त्यावरून सत्याग्रहींची तुकडी येत होती. तिच्यात आमच्या चाळीतला तरुण होता. त्याला फूटपाथवर काका दिसले. तो साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "काका! तुम्हीसुद्धा! बघा रे, सरकारी नोकर आले! आमच्या चाळीतले आहेत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हळू बोल रे, हळू!" असे म्हणत काका त्याचे तोंड बंद करायला फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरले. एवढेच त्यांनी केले. पण फूटपाथवर ते वाटसरू होते आणि रस्त्यावर जमावातले. त्याच वेळी पोलिसांनी तुकडीला वेढा दिला.

एका हवालदाराचे लक्ष थैलीकडे गेले. थैली हलत होती.

"काय हाय त्यात?"

"मांजर."

"नीट सांगा. दगड हायेत?"

"दगड हलतात का? मांजर आहे. मी ते सोडायला चाललो आहे."

"सत्याग्रहाला मांजर?"

"सत्याग्रहाला नाही हो, वांद्र्याला!"

हवालदाराने थैलीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. हातावर ओरखडे होते. काकांनी मांजर पुन्हा आत दाबले, तेव्हा त्यांच्याही मनगटावर ओरखडे आले. "चढा गाडीत," हवालदार म्हणाला.

गाडीत जागा कमी होती. काकांनी थैली मांडीवर घेतली होती. सत्याग्रही घोषणा देत, आणि प्रत्येक घोषणेनंतर थैलीतून आवाज येई. "ही बघा, ही पण म्हणते झालाच पाहिजे," असे कोणी म्हणे, आणि गाडी हसे. काका तेवढे हसत नव्हते. पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड आणि घरी काकू, याच क्रमाने आपण विचार करत होतो, असे त्यांनी मला नंतर सांगितले.

चौकीत नावे घेतली. इतरांनी नाव विचारले की "महाराष्ट्र" सांगितले, बापाचे नाव विचारले तरी "महाराष्ट्रच" सांगितले. काकांची पाळी आली तेव्हा त्यांनी आपले संपूर्ण नाव, हुद्दा, खाते आणि कचेरीचा पत्ता सांगितला. तरुणाने त्यांचा कोट मागून ओढला.

"काका, कशाला खरं सांगताय?"

"विचारलं की सांगावं लागतं. मी सरकारी नोकर आहे." मग अधिकाऱ्याकडे वळून ते म्हणाले, "आणि माझ्याजवळ मांजर होतं, अशी नोंद करा."

"मांजराची नोंद इथं होत नाही."

"मग मी तिथं का होतो, हे कसं कळणार?"

"तेच तर तुम्हाला तुमची कचेरी विचारील," अधिकारी म्हणाला. तो हे सहज बोलला, पण काकांनी थैली छातीशी धरली.

संध्याकाळी सगळ्यांना सोडून दिले. बाहेर आल्यावर तरुण म्हणाला, "काका, आता इथंच सोडा ना तिला. दादरला काय मासे नाहीत?"

काकांनी थैलीची गाठ आवळली. "वेडा आहेस का? ही एकच साक्षीदार आहे माझी."

दिवेलागणीला दोघे चाळीत आले. बायका ताम्हण घेऊन जिन्यात उभ्या होत्या. तरुणाला कुंकू लावले, ओवाळले, आणि त्याच झपाट्यात काकांनाही. काकांनी रुमालाने कुंकू पुसले. वर आत्या गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होती. काकांनी थैली तिच्या हातात दिली.

"तुमच्या दह्यानं घात केला, आत्याबाई."

"दोघं सुखरूप आलात ना? मग लागू पडलं की."

कचेरीचा मेमो यायला वेळ लागला नाही. बेकायदेशीर जमावात आपण कोणत्या कारणाने उपस्थित होता, याचा लेखी खुलासा मागितला होता. समाधानकारक नसल्यास पुढील कारवाई होईल, असेही लिहिले होते. पुढील कारवाई म्हणजे काय, हे काकांना सांगावे लागले नाही. तसे मेमो त्यांनी स्वतः आयुष्यभर लिहिले होते.

त्यांनी खुलासा लिहिला आणि भाषा तपासायला माझ्याकडे आणला. तो पुष्कळ पानांचा होता आणि मांदेलीपासून सुरू होत होता. मी म्हणालो, "काका, अर्ध्या पानात बसेल हे."

"बातमी लहान चालते," ते म्हणाले. "खुलासा लहान असला की खोटा वाटतो."

त्या दिवसापासून चाळीने काकांचे वेगळे रूप पाहिले. सकाळी उठल्यावर ते पहिल्यांदा आमच्या दारात येत आणि विचारत, "आहे?" कचेरीतून आल्यावर कोट काढायच्या आधी विचारत, "आहे ना?" रात्री पाऊस आला तर मांजर भिजत नाही ना, हे बघायला उठत. काकू आत्याला म्हणाल्या, "माझं बाळंतपण झालं तेव्हा दिवसातून एकदा विचारायचे."

मांजराला मात्र ही आस्था मानवली नाही. कोणी सारखे बघू लागले की मांजर निघून जाते. मनी आता समोरच्या चाळीत जाऊ लागली. तिथल्या एका बाईने सुकत घातलेल्या कुरडया मांजराने तुडवल्याची तक्रार आणली, तेव्हा आत्या काही बोलायच्या आत काका पुढे झाले. "माफ करा," ते म्हणाले. "ती सध्या एका चौकशीत आहे."

खुलासा साहेबांना पटला नाही, पण तो खोटा आहे असेही त्यांना म्हणता येईना. पोलिसांच्या कागदात मांजराचा उल्लेख नव्हता. तेव्हा त्यांनी हेडक्लार्कला प्रत्यक्ष पाहून यायला सांगितले. हेडक्लार्क जवळच ठाकुरद्वारला राहत. रविवारी सकाळी येतो, असा त्यांनी निरोप दिला.

त्या रविवारी मनी नव्हती.

हेडक्लार्क काकांच्या खोलीत खुर्चीवर बसून चहा घेत होते. बाहेर चाळ मांजर शोधत होती. ज्यांनी मांजर घालवण्याच्या बाजूने हात वर केले होते, ते गच्चीवर, नळापाशी, कोळशाच्या पोत्यांमागे वाकून "मने, मने" करत होते. काका हेडक्लार्कांना पुन्हा चहा घेण्याचा आग्रह करून बाहेर आले.

तरुण त्यांच्या कानाशी लागला. "काका, खाली वाण्याचं मांजर आहे. पांढरंच आहे. उचलून आणतो, कुणाला कळतंय?"

"खोटा पुरावा द्यायचा? मी?" काका म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारले, "शेपूट कुठल्या रंगाचं आहे?"

"पांढरं."

"मग नको."

आत्या हे ऐकत होती. ती आत गेली आणि बशीत मांदेली घेऊन आली. नुकत्याच बाजारातून आणलेल्या होत्या.

"आमच्या दारात ठेवून ती यायची नाही," ती म्हणाली. "ती खाते तुमच्या उंबऱ्यावर, उन्हात. तिथं ठेवा."

काकांनी बशीकडे पाहिले, मग उंबऱ्याकडे. काकूंनी सकाळी काढलेली रांगोळी तिथे ताजी होती. काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, मग पदर सावरून तोंड भिंतीकडे केले.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "मी बघत नाही."

जन्मात मासळीला हात न लावलेल्या त्या गृहस्थाने दोन बोटांनी एक मांदेली उचलली, खाली वाकून रांगोळीच्या कडेला ठेवली आणि ते हात अंगापासून लांब धरून उभे राहिले. खोलीतून हेडक्लार्क हे सगळे पाहत होते. चहा त्यांच्या हातात तसाच होता.

मग कठड्यावरून मनी चालत आली. कुठून आली, ते कोणालाच दिसले नाही. तिने काकांच्या पायाला अंग घासले, मांदेली उचलली आणि नेहमीच्या जागी, उन्हात, खायला बसली.

गॅलरीने श्वास सोडला. पण हेडक्लार्कही मुरलेले होते. ते बाहेर आले, वाकून त्यांनी मांजर नीट पाहिले. "पांढरे, शेपूट काळे, डावा कान तुटका. खुलाशात आहे तसं आहे," ते म्हणाले. "पण त्या दिवशी थैलीत हेच होतं, हे कशावरून?"

काकांनी बाही वर करून मनगट दाखवले. ओरखडे बरे झाले होते. आता काही दिसत नव्हते.

"भावजी, ती थैली आणा," आत्या म्हणाली.

थैली आली. काकांनी ती झटकून मनीसमोर धरली. मनीने मान वर केली, थैलीकडे पाहिले, आणि तिची पाठ कमानीसारखी झाली. शेपूट बाटली धुण्याच्या ब्रशाएवढे फुगले. अर्धी मांदेली टाकून तिने झेप घेतली ती सरळ हेडक्लार्कांच्या खांद्यावर, तिथून दारावर, आणि दारावरून काकांच्या देवघराच्या फळीवर. तिथे समईशेजारी बसून ती थैलीकडे बघत फुत्कारत राहिली.

काकू भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "देवात गेली का?"

"गेली," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढा आनंद मी पूर्वी ऐकला नव्हता.

हेडक्लार्कांनी खांदा तपासला. कोटाला धागा निघाला होता. "ओळख पटली," ते म्हणाले. मग आमच्या खोलीकडे तोंड करून त्यांनी एकदा हवा हुंगली आणि आत्याला विचारले, "बाई, त्या मांदेली तळणार आहात का?" त्यांनी आमच्याकडे पोटभर जेवण केले. जेवता जेवता त्यांनी सांगितले, की इतकी वर्षे नोकरी झाली, पण मासे लावून चौकशी केलेली ही पहिलीच.

पुढे कचेरीतून दोन ओळींचा कागद आला. खुलासा तूर्त समाधानकारक मानण्यात येत आहे, असे त्यात होते. चाळीने पेढे मागितले. काका मात्र 'तूर्त' या शब्दापाशी अडले.

"तूर्त म्हणजे प्रकरण बंद नाही," त्यांनी सभेला सांगितले. होय, मांजराच्या ठरावाची अंमलबजावणी कधी, यासाठी पुन्हा सभा भरली होती. "उद्या वरून कोणी विचारलं तर मांजर दाखवावं लागेल. पुराव्याला हात लावायचा नाही."

"मग किती दिवस ठेवायचं?"

"फाइल बंद होईपर्यंत."

ठराव तहकूब झाला. मनी राहिली. दुधाच्या बाटलीवर काका पितळी वाटी पालथी घालू लागले, आणि देवघराला त्यांनी जाळीचे दार बसवून घेतले. बोंबलाचे डोके उंबऱ्यावर येतच राहिले. काकू ते चिमट्याने उचलून आमच्या दारात ठेवत आणि हाक मारत, "आत्याबाई, तुमच्या साक्षीदाराचं उरलंय हो."

काही वर्षांनी महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमाराला मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्याची वाटणी चालू होती. माणसांबरोबर कागदांचीही वाटणी होती. इकडचे गठ्ठे इकडे राहिले, तिकडचे अहमदाबादला गेले. ते निवडण्याच्या कामावर काका होते. आपली फाइल त्यांनी दोन्हीकडच्या गठ्ठ्यांत शोधली. सापडली नाही.

चाळीवर तेव्हा पताका लागल्या होत्या. तरुण सत्याग्रहींच्या सत्काराची तयारी करत होता आणि यादीत काकांचे नाव घालू का, असे विचारायला आला होता. "खबरदार," काका म्हणाले. "मी मांजर सोडायला गेलो होतो." मग त्यांनी टोपी काढली, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, "पताका मात्र आमच्या दारावर जरा जास्त लाव."

आत्याने विचारले, "भावजी, मग फाइल गेली कुठं?"

"बहुतेक अहमदाबादला."

"मग आता मनीचं काय करायचं?"

काकांनी विचार केला. "तिकडं कुणी उघडली तर? राहू दे."

मनी तेव्हा उंबऱ्यावर उन्हात झोपली होती. काकूंनी त्या दिवशीची रांगोळी मोठी काढली होती, आणि मधे तिच्यापुरती जागा सोडली होती.